राखाडी वायरी

जयंताची गाडी मी केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिचे फोटो बघून वा वा करणाऱ्यांपैकी एकालाही ते ठाऊक नाही. फोटोत जयंता असतो, कमलिनी असते, मागे कुठलंसं तळं नाहीतर किल्ला असतो आणि मधोमध गाडी असते. मी नसतो.

जयंता आणि मी छत्तीस वर्षं एकाच कारखान्यात होतो. तो अकाउंट्समध्ये, मी मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन. तो अमरावतीचा, मी वर्ध्याचा. दोघंही पोटामागे भोपाळला आलो, नेहरू नगरात दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं बांधली आणि इथलेच झालो. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, माझी जाऊन सहा. त्याची मुलगी परदेशात असते. माझा मुलगा मंदार आणि सून अमृता माझ्याजवळ असतात. खरं म्हणजे मी त्यांच्याजवळ असतो, कारण त्यांनी वरचा मजला चढवल्यापासून घर कोणाचं हे कोणी बोलून दाखवत नाही.

रोज सकाळी जयंता माझ्या फाटकाशी येऊन खाकरायचा. मग आम्ही चालायला जायचो आणि परतताना पोहे-जलेबी खायचो. इतक्या वर्षांत आमच्यात न बोलता ठरलेल्या गोष्टीच जास्त. शेवटची जलेबी त्याने खायची, पेपर आधी मी वाचायचा, हे कोणी कोणाला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, दोस्ती म्हणतात ती हीच.

गेल्या मार्चमध्ये तो इंदूरहून एक जुनं मोटरहोम घेऊन आला. म्हणजे तेरा वर्षांचा, उंच छपराचा टेम्पो. आधीच्या मालकाने आत ओटा, सिंक आणि दोन बाजूंना दोन अरुंद बर्थ करून घेतले होते आणि मग चार वर्षं गाडी आंब्याच्या झाडाखाली नुसती उभी ठेवली होती. छपराच्या सांध्यातून पाणी झिरपून प्लायवूड फुगलं होतं. खाली चासीवर गंज. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं.

"घर भाड्याने देणार," जयंता म्हणाला. "आणि हिच्यात राहणार. कायमचा. फिरत."

"तुला साधा स्क्रू पिळता येत नाही."

"तू आहेस की."

या तीन शब्दांवर मी आठ महिने काम केलं. तू आहेस की! दोन बर्थची गाडी, एकटा माणूस, आणि वर म्हणतो तू आहेस की. याचा दुसरा काय अर्थ होतो, सांगा बरं. मी विचारलं नाही. असलं विचारायचं नसतं. आपण विचारलं आणि समोरचा अडखळला, तर आयुष्यभर ते अडखळणं दिसत राहतं.

कामाला लागलो. छपराच्या सांध्यातली जुनी पुटी खरवडून काढली, नवीन भरली, आणि जयंताला वर पाइप धरायला लावून मी आत दोन तास टॉर्च घेऊन बसलो. एक थेंब आला नाही. चासीचा गंज घासून प्रायमर मारला. पाण्याची टाकी अगदी मागे टांगलेली होती, ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध आणली, कारण मागे वजन लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग हातात राहत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोक पाडलं. आधीच्या शहाण्याने ते वर पाडलं होतं. डावीकडचा बर्थ मी सहा फूट दोन इंच केला. मी सहा फूट आहे. जयंता पाच चार.

आणि वायरिंग. त्याबद्दल थोडं सांगायला हवं.

कबाडखान्यात मला वायरीचं एक अख्खं बंडल मिळालं. अस्सल तांबं, जाड, उत्तम, पण सगळी एकाच रंगाची. राखाडी. कोणी समजदार माणूस पंप, पंखा, फ्रिज, दिवे, सगळ्याला एकच रंग वापरणार नाही. वापरलाच तर टोकांना चिठ्ठ्या लावेल. मी वापरला आणि चिठ्ठ्या लावल्या नाहीत. आमच्या मेंटेनन्समध्ये जुनी माणसं एक गोष्ट शिकवायची, ज्याच्या डोक्यात डायग्राम, त्याची बदली होत नाही. साहेब बदलतील, सरकार बदलेल, पण तीन नंबरच्या पॅनेलमधली कुठली वायर कुठे जाते हे ज्याला एकट्याला माहीत, त्याला कोणी हलवत नाही. मला छत्तीस वर्षांत कोणी हलवलं नाही. कागदावर उतरवणं म्हणजे आपल्या हाताने आपली खुर्ची दुसऱ्याला देणं.

म्हणून जयंताच्या गाडीतल्या एकतीस राखाडी वायरी माझ्या डोक्यात होत्या आणि दुसरीकडे कुठेच नव्हत्या. मुद्दाम केलं का? तेव्हा नाही म्हणालो असतो. आता हो म्हणतो.

नोव्हेंबरमध्ये गाडी तयार झाली आणि आम्ही तिचं वजन करायला करोंदला गेलो. तिथे मंडीजवळ धर्मकाटे आहेत, गहू-सोयाबीनच्या ट्रॉल्या तोलायचे. मोटरहोममध्ये हे फार महत्त्वाचं असतं, लोक सामान भरत सुटतात आणि मग मागचं टायर फुटलं की नशिबाला दोष देतात. मी वहीत तक्ता केला होता. पाणी साठ किलो, गॅस दहा, भांडी, कपडे, हत्यारं. जयंता चौसष्ट. सुभाष, म्हणजे मी, अठ्ठ्याहत्तर.

आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, असं तोलायचं ठरलं. काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला, "खाली तौलना है कि सवारी समेत?"

"सवारी समेत," मी म्हणालो.

"तो बैठ जाओ दादा, और हिलना मत."

आम्ही दोघं पुढे बसलो, श्वास रोखून, लग्नाच्या फोटोला बसतात तसे. चिठ्ठी आली. आकडा मर्यादेच्या आत होता. मला इतका आनंद झाला की मी जयंताच्या पाठीत थाप मारली. तो मात्र कान खाजवत होता. कान खाजवायला लागला की जयंताला काहीतरी अवघड सांगायचं असतं.

"सुभाष, यातून तुझे अठ्ठ्याहत्तर वजा कर," तो म्हणाला. "आणि छप्पन्न मिळव."

"कोणाचे छप्पन्न?"

"कमलिनीचे."

कमलिनीला मी तोंडओळखीने ओळखत होतो. मराठी मंडळाच्या वाचनालयात पुस्तक बदलायला यायची. जाड चष्मा, सुती साडी. तीस वर्षं मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळा सांभाळली, रिटायर होईपर्यंत शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहिली, लग्न केलं नाही. जयंता गेलं वर्षभर फार पुस्तकं वाचायला लागला होता, ते मी म्हातारपणाचं लक्षण समजत होतो.

"आम्ही लग्न करतोय," तो म्हणाला. "डिसेंबरात. कोर्टात. तुलाच पहिल्यांदा सांगतोय हं."

पहिल्यांदा! मागे एक ट्रॉलीवाला हॉर्न वाजवत होता, काट्यावरचा माणूस हात हलवून पुढे व्हा म्हणत होता, आणि माझ्या मांडीवर वही होती. काहीतरी बोलायला हवं होतं. अभिनंदन म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बावीस किलो वाचतात. पाण्याची टाकी मोठी बसेल."

"बघ! म्हणून तर तू पाहिजेस," जयंता म्हणाला आणि हसला. तो खरोखर खूश होता. त्याच्या मनात पाप नव्हतं, हीच तर माझी पंचाईत. पाप असतं तर भांडता आलं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मला सांगण्यात आलं की दोन बर्थ जोडून एक रुंद पलंग करायचा आहे. मीच करायचा, दुसरं कोण करणार. मी डावा बर्थ कापला. करवत चालवताना हात भरून आला, पण लाकडापेक्षा जास्त मी स्वतःलाच कापतोय असं वाटत होतं. कमलिनी दारात उभी राहून बघत होती. एकदा म्हणाली, "सुभाषराव, चहा घेता का?" मी म्हणालो, "काम चालू आहे." कामात असताना मी छत्तीस वर्षं चहा घेत आलो आहे.

लग्नाच्या रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सही केली तीही मीच. पेन चालत नव्हतं. जयंता म्हणाला, "जोर लावून लिही." जोर लावला, पान फाटता फाटता राहिलं.

मला तिचा हेवा वाटत होता. साध्या शब्दांत सांगायचं तर हेच. जळफळाट. लोकांना वाटतं असं फक्त बाईच्या पायी होतं. मला मित्राच्या पायी झालं, आणि पासष्टाव्या वर्षी झालं, त्यामुळे लाजही वाटायची आणि ते थांबायचं नावही घेत नव्हतं. सकाळी फाटकाशी खाकरणं बंद झालं होतं. आता ते दोघं चालायला जायचे. मी पोह्यांच्या दुकानापाशी मुद्दाम उशिरा जायचो, म्हणजे ते भेटू नयेत. आणि ते भेटले नाहीत की दिवसभर चिडचिड व्हायची.

एकच समाधान होतं. राखाडी वायरी.

ती समाधानाची गोष्टसुद्धा त्या बाईने ठेवली नाही. लग्नानंतर चौथ्याच दिवशी ती वही आणि मीटर घेऊन गाडीत शिरली.

"सुभाषराव, पॅनेलमधून ही डावीकडची वायर कुठे जाते?"

"जायला हवी तिथे जाते."

"डायग्राम असेल ना?"

"डायग्राम कशाला? मी आहे. फोन करायचा."

"रस्त्यात रेंज नसली तर?"

मी म्हणालो, "मग रेंज येईपर्यंत अंधारात बसायचं." ती हसली. मला वाटलं होतं रागावेल.

मग तिने स्वतःच सुरुवात केली. मीटरची एक पिन वायरीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला; वायर तीच असली की मीटर पीं करून वाजतं. पीं वाजलं की ती पांढऱ्या पट्टीवर नंबर लिहून चिकटवायची आणि वहीत रेघ ओढायची. जयंताच्या अंगणात बाजेवर बसून मी ते ऐकायचो. प्रत्येक पीं बरोबर माझ्या डोक्यातली एक वायर तिच्या वहीत जात होती. मी पाणी प्यायला म्हणून घरी जायचो आणि परत यायचो. तेरा दिवस हे चाललं.

चौदाव्या दिवशी तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. "तपासून द्या. तुमच्या सहीशिवाय मी याच्यावर विश्वास ठेवणार नाही."

मी चष्मा लावला. कागद सुंदर होता. एवढा सुंदर डायग्राम आमच्या कारखान्याच्या इंजिनिअरांनीही कधी काढला नव्हता. पंप, पंखा, फ्रिज, छपरावरच्या सोलर प्लेटा, सगळं जागच्या जागी. मी चूक शोधत होतो, देवाशप्पथ सांगतो, एक तरी चूक सापडावी म्हणून जीव टाकत होतो.

आणि सापडली.

इंजिनच्या बॅटरीकडून मागच्या, म्हणजे घराच्या बॅटरीकडे एक जाड वायर जाते. गाडी चालू असली की तिच्यातून मागची बॅटरी भरते. त्या वायरीच्या मध्ये मी एक ब्रेकर बसवला होता, बोटाच्या पेराएवढ्या लाल बटणाचा. भार जास्त झाला की बटण आपोआप उडतं आणि वायर वाचते. परत दाबलं की सुरू. ते मी ड्रायव्हर सीटच्या मागे, पायरीच्या आतल्या पोकळीत लावलं होतं. हात वाकवून घालावा लागतो, दिसत नाही. बटण दाबलेलं असताना मीटर आरपार वाजतं, त्यामुळे तिला ती सलग एकच वायर वाटली होती. कागदावर सरळ रेघ. मध्ये काही नाही.

कमलिनी माझ्याकडे बघत होती.

"सगळं बरोबर आहे," मी म्हणालो आणि खाली सही केली. मग मला एकदम बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं.

माझा बेत तुम्हाला सांगतो. तीन-चार दिवस ढगाळ गेले की सोलर प्लेटा काही देत नाहीत, मागची बॅटरी पार उतरते. मग गाडी सुरू केली की ती तहानलेली बॅटरी एकदम ओढायला लागते आणि बटण उडतं. उडणारच. मग फ्रिज बंद, पंप बंद, दिवे बंद. कागदात बघतील, कागदात काही नाही. मग जयंता फोन करेल. मी म्हणेन, फोनवर सांगण्यासारखं नाही, यावं लागेल. एकदा गेलो की मग चार दिवस राहा म्हणतील. मग आठ. जाईन, तंबूत झोपेन, पण जाईन. यात कोणाच्या जिवाला धोका नव्हता, हे मी तीनदा तपासलं होतं. एवढा मी वाईट नाही.

जानेवारीच्या मध्यावर ते निघाले. घरात भाडेकरू आले. मी बॅगेत पक्कड, टेस्टर, टेप, दोन स्वेटर आणि आठ दिवसांचे कपडे भरून ती पलंगाखाली सरकवली.

आणि हवामान बघायला लागलो. आधी ते ओरछाला होते, तिथे लख्ख ऊन. मग चित्तोडकडे गेले, तिथेही ऊन. टीव्हीवर बाई हसत हसत सांगायची की राजस्थानात आकाश निरभ्र राहील, आणि मी तिला शिव्या घालायचो. फोटो यायचे. कमलिनी गाडीच्या पायरीवर बसून भाजी निवडतेय. कमलिनी माझ्या नळाखाली तांदूळ धुतेय.

"बाबा, तुम्ही इतकं टेन्शन नका घेऊ," अमृता म्हणाली. "रोज त्यांचं वेदर चेक करता. ते लोक मस्त घूम रहे हैं."

"काळजी वाटते गं," मी म्हणालो.

"किती प्रेम आहे तुमचं काकांवर," ती म्हणाली. मी टीव्ही बंद केला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मावठा आला. सगळीकडे ढग, चार दिवस. पाचव्या दिवशी दुपारी मी वामकुक्षी घेत होतो तेव्हा फोन वाजला. जयंता.

"सुभाष, गडबड झालीय. आतलं सगळं बंद. गाडी चालवतोय पण मागची बॅटरी भरतच नाही. इथला मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, नवीन घ्या."

परीक्षेचा निकाल लागावा तसं वाटलं. मी सावकाश म्हणालो, "फोनवर सांगण्यासारखं नाही हे. बघावं लागेल."

"मग ये ना! आजच निघ! सकाळी चित्तोडला उतर, मी स्टेशनवर येतो." त्याच्या आवाजात तो जुना जयंता होता, फाटकाशी खाकरणारा. मी पाय लांबवून पलंगाखालची बॅग पुढे ओढली. झालं होतं काम.

"एक मिनिट, कमलिनीला बोलायचंय," तो म्हणाला.

फोन तिच्याकडे गेला. तिने दार उघडल्याचा आणि ती गाडीतून उतरून लांब गेल्याचा आवाज आला.

"सुभाषराव, बॅटरी चांगली आहे," ती म्हणाली. "मी मीटर लावला. पुढून येणारी ती जाड वायर आता वाजत नाही. तेव्हा वाजली होती. वायर तुटली म्हणावी, तर तुम्ही ओढलेली वायर तुटायची नाही. म्हणजे मध्ये काहीतरी आहे. कागदावर नाही असं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही तो कागद तपासत होता तेव्हा मी बघत होते. तीस वर्षं मुलींची जर्नल्स तपासली मी. चूक सापडलेल्या माणसाचा चेहरा मला कळतो." ती जरा थांबली. "तुम्हाला यायचं होतं ना आमच्याबरोबर? म्हणजे, त्याच्याबरोबर. मी यायच्या आधीपासून."

नाही म्हणायला तोंड उघडलं. मग बॅगेची चेन उगाच उघडली आणि लावली.

"जयंतरावांना कळलं नाही. त्यांना काय कळतं! मला पलंग जोडताना कळलं. तुम्ही तो बर्थ कापत होता तेव्हाच. मला कळलं आणि मी मुद्दाम बोलले नाही."

"का?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही आला असता." ती म्हणाली. "सुभाषराव, हा माणूस दिवसभर तुमच्याबद्दल बोलतो. नळ उघडला की सुभाष. पंखा लावला की सुभाष. पाऊस लागला की छपराकडे बोट दाखवून, बघ, एक थेंब नाही, सुभाष! एकसष्टाव्या वर्षी लग्न केलं मी. वाटलं, निदान गाडीत तरी दोघंच असू. तर तुम्ही आहातच. मला फार हेवा वाटतो तुमचा. चांगलं नाही हे, पण वाटतो."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. एवढे महिने मी एकटाच जळतोय असं समजत होतो. ती बाई तिकडे माझ्याच नळाखाली तांदूळ धुता धुता जळत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण ते नंतर. आधी मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. नळ उघडला की सुभाष!

बॅग समोर होती. संध्याकाळची गाडी होती. तिने एवढं सगळं सांगूनसुद्धा बटण कुठे आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं.

"ड्रायव्हरच्या सीटमागे जा," मी म्हणालो. "पायरीची रबर उचला. आत पोकळी आहे. उजवा हात घाला आणि मनगट वर वळवा. लहान लाल बटण लागेल. दाबा."

बराच वेळ नुसती खडखड ऐकू आली. मग कट्ट असा आवाज. मग तिकडून पंखा फिरायला लागला आणि लांबून जयंता ओरडला, "अरे, आलं! आलं!"

"कागदावर लिहून घ्या," मी म्हणालो. "बत्तीस नंबर."

"लिहिते." ती थोडी दमली होती. "हे मला जन्मात सापडलं नसतं, सुभाषराव."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तिकडे जयंता तिला विचारत होता, "काय म्हणाला? मग आता येतोय ना तो?" कमलिनी काही बोलली नाही. मीही बोललो नाही. कोणी काही बोललं नाही तर हे असंच मिटणार होतं, आमच्या सगळ्या गोष्टी मिटत आल्या तसं.

"तुम्हीच विचारा त्यांना," ती म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

"सुभाष," जयंता म्हणाला. "काम झालं म्हणते ही. पण तू ये ना. काम नसलं म्हणून काय झालं? ये. राहा."

एवढंच हवं होतं. आठ महिने गाडीखाली पाठ घासली ती एवढ्यासाठी. मार्चमध्ये विचारलं असतंस तर, असं अगदी जिभेवर आलं होतं. कमलिनी त्याच्या शेजारीच उभी असणार, माझं उत्तर ऐकायला.

"नको रे," मी म्हणालो. "इकडे मंदारच्या घरात पण वायरिंगचं काम काढलंय. फिरा तुम्ही. डाव्या मागच्या टायरमध्ये हवा कमी ठेवू नकोस."

फोन ठेवून मी बॅगेतले स्वेटर काढून कपाटात ठेवले. मग जरा रडलो. घरी कोणी नव्हतं.

संध्याकाळी अमृता ऑफिसमधून आली. चपला काढता काढता तिने विचारलं, "बाबा, काकांचा फोन आला होता? काय म्हणाले?"

"ये म्हणाला," मी म्हणालो.

"अरे वा! मग जाताय?"

"नाही."

ती आत पाणी प्यायला गेली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत गेलो.

"पण ये म्हणाला," मी म्हणालो.